बर्फमावशी

"हात लावला का?"

बर्फमावशींचा पहिला प्रश्न हाच असायचा. समोर उभी असलेली मुलगी कोणाची, कुठून आली, हे सगळं नंतर. आम्ही मान हलवून नाही म्हणायचो. मावशी चेहरा उजेडाकडे वळवायच्या आणि फोडाला बोट न टेकवता त्याच्या कडेची जागा दाखवायच्या. "हे नख कुणाचं मग?" असं म्हणून एक लांब सुस्कारा सोडायच्या. रागावलेल्या मावशी परवडल्या असत्या, पण तो सुस्कारा नको वाटायचा. दिवसभराचं ओझं आपण आणखी वाढवलं, असं वाटायचं.

त्यांचं नाव शांताबाई. नव्वदच्या दशकात नाशिकला इंदिरानगरात आम्ही राहायचो, त्या बैठ्या घरांच्या ओळीत शेवटच्या दोन खोल्या त्यांच्या. गंगापूर रोडवर एका त्वचेच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात त्या आयाचं काम करत. सासरचा मळा शहराबाहेर होता, गुलाबाचा आणि मेथी-कोथिंबिरीचा. नवरा भावांबरोबर मळ्यातच राही आणि रविवारी येई. मुलगी सुरेखा शाळेत हुशार, म्हणून मावशी तिला घेऊन शहरात राहिल्या होत्या आणि दवाखान्यातल्या नोकरीवर दोघींचं भागवत होत्या.

संध्याकाळी त्या बसमधून उतरून घरी येत तेव्हा ओट्यावर दोन-तीन मुली आधीच बसलेल्या असत. मावशी कोणाकडे न बघता आत जात, घमेल्यात कोमट पाणी आणि मूठभर मीठ घेऊन बाहेर येत आणि त्यात पाय सोडून बसत. "थांबा गं. आधी माझे पाय माझे होऊ द्या." पाच-दहा मिनिटं कोणी बोलायचं नाही. दवाखान्यात दिवसभर त्या उभ्याच असत. फरशी पुसायची, भांडी उकळायची, पेशंटना आत पाठवायचं, बाहेर काढायचं. घरी आल्यावर आम्ही. चेहऱ्यावरचे फोड तेव्हा आम्हाला जगातलं सर्वांत मोठं संकट वाटे आणि मावशींच्या पायांना सूज आहे, हे कोणाच्या लक्षातही येत नसे.

बर्फमावशी हे नाव आमच्या ओळीतल्या मुलींनीच ठेवलं. लाल, ठणकणारा, हात लावला की डोळ्यांत पाणी आणणारा फोड असला की त्यांचा पहिला उपाय बर्फ. धुतलेल्या मलमलच्या फडक्यात खडा गुंडाळायचा, मिनिटभर हलकेच धरायचा, काढायचा, पुन्हा धरायचा. नुसता बर्फ कातडीला लावायचा नाही. त्यांच्याकडे फ्रीज नव्हता, आमच्याकडे होता, म्हणून बर्फाचा एक ट्रे आईने त्यांच्यासाठी वेगळाच ठेवला होता. फोड खोल असला, वर तोंड नसलेली नुसती गाठ असली, तर बर्फ नाही, कोमट पाण्याच्या घडीचा शेक. तोही सोसवेल इतकाच. दिवसातून दोनदा तोंड साध्या साबणाने धुवायचं, घासायचं नाही. केसांचं तेल कपाळावर उतरू द्यायचं नाही. उशीचा अभ्रा दोन दिवसांनी बदलायचा. एवढंच. मुली हिरमुसायच्या. काहीतरी वाटून, उगाळून, थापून मिळेल या आशेने त्या आलेल्या असत.

"मावशी, जायफळ दुधात उगाळून लावू का?" कोणीतरी विचारायचंच.

"लाव. पण आधी कोपराच्या आत लावून एक दिवस बघ. निम्मे फोड दिवसांनीच बरे होतात. नाव मात्र जायफळाचं होतं."

दारात कुंडीत त्यांनी कोरफड लावली होती. तिचं पान कापलं की ते उभं करून ठेवत, पिवळा चीक पूर्ण गळू देत, मग पान धुऊन आतला गर काढत. हा चीक अंगाला खाजतो, हे त्या दर वेळी सांगत आणि दर वेळी कोणीतरी घरी जाऊन तसंच कापलेलं पान तोंडाला फासून खाजवत परत येई. लिंबू आणि टूथपेस्ट या दोन गोष्टींवर मात्र त्यांचा खरा राग होता. "दात घासायचं तोंडाला कशाला लावता? भाजलेली तोंडं घेऊन येतात पोरी दवाखान्यात. फोड आठ दिवसांचा, डाग वर्षाचा." आमच्या घरी सगळ्याला उष्णता हे एकच कारण होतं. आई मला सकाळी भिजवलेला सब्जा प्यायला लावायची. मावशींनी तिला कधी मोडता घातला नाही. "पिऊ द्या वहिनी. पोटात गेलेल्यानं नुकसान नाय."

अकरावीत असताना माझ्या नाकाच्या कडेला एक फोड आला. कॉलेजात गॅदरिंग होतं आणि मला निवेदनाला उभं राहायचं होतं. दोन दिवस मी बर्फ धरला. तिसऱ्या दिवशी धीर सुटला. आरशासमोर उभं राहून मी तो सेफ्टी पिनेने फोडला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत नाक सुजलं, संध्याकाळी डोळ्याखालची कातडी ताणल्यासारखी झाली आणि अंगात कणकण आली. आईने मला मावशींच्या ओट्यावर नेलं. त्या नुकत्याच आल्या होत्या, पाय पाण्यात सोडलेले. माझ्याकडे बघितलं आणि त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारलाच नाही. पाय काढले, तसेच ओले चपलेत घातले.

"वहिनी, रिक्षा बोलवा. ह्याला घरचं औषध नाय."

"आत्ताच? सकाळी नेलं तर?"

"सकाळी डोळा मिटला तर काय करता? चला."

ज्या दवाखान्यातून त्या पाऊण तासापूर्वी दमून आल्या होत्या, तिथेच त्या पुन्हा आम्हाला घेऊन गेल्या. डॉक्टर निघण्याच्या बेतात होते. त्यांनी तपासलं, गोळ्या लिहून दिल्या आणि आणखी एक दिवस काढला असता तर ॲडमिट करावं लागलं असतं, असं आईला सांगितलं. परतताना रिक्षात मावशी माझ्या शेजारीच डोळे मिटून बसल्या होत्या. मी रडत होते. निवेदन गेलं होतं, चेहरा गेला होता. त्यांनी डोळे न उघडता माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. तो हात खरखरीत होता. दिवसभर जंतुनाशकात बुडवून त्यांच्या बोटांना भेगा पडलेल्या असत. त्यावर त्या खोबरेल लावत, आणि डॉक्टरांना दाखवा म्हटलं की म्हणत, "दाखवीन की. सवड मिळू दे."

सुरेखा माझ्याहून एका वर्षाने मोठी. तिच्या दोन्ही गालांवर मोठे, दुखरे फोड येत. आम्हा सगळ्यांपेक्षा तिला जास्त त्रास होता, पण ओट्यावर ती कधी बसत नसे. आई दमून आली की ती चहा टाकायची, कणीक मळायची. "आईला बाहेरच्याच पोरी पुरतात," असं ती एकदा मला म्हणाली होती, हसत हसत. मीही हसले होते.

ती बारावी झाली त्या उन्हाळ्यात तिला एक स्थळ सांगून आलं. मुलगा नोकरीचा, मळेवाल्यांतलाच. तिची आत्या काही दिवस राहायला आली आणि तिने औषधांच्या दुकानातून एक ट्यूब आणून सुरेखाला दिली. आठ दिवसांत फोड बसतात, रंगही उजळतो, अमक्याच्या सुनेने लावली होती. आणि खरंच, आठ दिवसांत सुरेखाचे गाल गुळगुळीत झाले. मला तिने ती ट्यूब दप्तराच्या आतल्या कप्प्यातून काढून दाखवली. "आईला सांगू नको हं. तुला माझी शप्पथ. ती लावू देणार नाही." मी सांगितलं नाही. शपथ होती हे खरं, पण तेवढंच नव्हतं. तिने मला दोनदा त्यातली थोडी लावायला दिली होती आणि पुढेही देईल, अशी मला आशा होती.

बैठक लांबत गेली. मुलाकडच्यांचं काही ना काही निघत राहिलं. सुरेखा पाच महिने ट्यूब लावत होती. मग एक दिवस दुकानात ती ट्यूब मिळेना, आणि लावणं थांबल्यावर चार-पाच दिवसांत तिचा सगळा चेहरा लालभडक झाला. पूर्वी गालांवर होते ते फोड आता कपाळावर, हनुवटीवर, मानेपर्यंत. उन्हात उभं राहवेना, पाणी लागलं तरी आग. मावशी कामावरून आल्या, त्यांनी तिला उजेडात धरलं आणि क्षणात ओळखलं. असे चेहरे त्या दवाखान्यात रोज आत पाठवत होत्या.

मी दारातच उभी होते. सुरेखाने ट्यूब आणून आईच्या हातात दिली. मावशींनी ती उलटी-सुलटी करून पाहिली. मग माझ्याकडे वळल्या.

"तुला ठाऊक होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"बरं," एवढंच त्या म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी पाय पाण्यात घातले नाहीत. ओट्यावर आलेल्या दोन मुलींना "आज नाय गं, जावा घरी" म्हणून परत पाठवलं. मी घरी येऊन आईला काही सांगितलं नाही, जेवलेही नाही.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून त्या सुरेखाला दवाखान्यात घेऊन गेल्या. आईही सोबत होती, तिने नंतर सांगितलं. तिथे सगळे ओळखीचे, आधी आत जा म्हणत होते. पण मावशी नंबर लावून बाकावर बसल्या, इतर बायकांमध्ये. डॉक्टर म्हणाले, ट्यूब स्टिरॉइडची होती, चेहरा शांत व्हायला सहा महिने, कदाचित वर्षही लागेल. धीर धरा. तोच धीर त्या स्वतः आम्हाला रोज सांगत आल्या होत्या.

पुढच्याच आठवड्यात मुलाकडचे सुपारी ठरवायला येणार होते. आत्या म्हणाली, पुढे ढकला, नाहीतर पावडर लावून बसवा. मावशींनी दोन्ही नाकारलं. पाहुण्यांसमोर सुरेखाला तशीच बसवलं आणि स्वतः बोलल्या, "पोरीच्या तोंडाला चुकीचं औषध लागलंय. बरं व्हायला वरीस लागेल. डाग राहतील थोडे. थांबत असाल तर थांबा, नाय तर आमचं काय म्हणणं नाय." पाहुण्यांनी पोहे संपवले, चहा घेतला आणि गेले. परत निरोप आला नाही. मावशींचे यजमान त्या रविवारी मळ्यातून आले. "झाकलं असतं थोडं तर?" असं त्यांनी विचारलेलं मला आमच्या दारात ऐकू आलं. मावशी म्हणाल्या, "झाकूनच हे झालंय."

महिनाभर मी त्यांच्या ओट्याकडे फिरकले नाही. मग हनुवटीवर एक फोड आला, ठणकायला लागला. मी घरातच बर्फाचं फडकं धरून बसले होते. मावशी बर्फाचा ट्रे परत द्यायला आल्या, त्यांनी बघितलं. माझी हनुवटी वर केली, उजेडाकडे वळवली. नेहमीसारखीच, हलक्या हाताने. "धरलंयस ते जास्त वेळ धरतीयस. सोड जरा," म्हणाल्या. मी रडायला लागले तशी त्यांनी फडकं माझ्या हातातून घेतलं आणि स्वतः धरलं. आईने चहा दिला, तो त्यांनी उभ्यानेच घेतला, दुसऱ्या हाताने माझ्या हनुवटीला बर्फ धरून.

सुरेखाचा चेहरा निवळायला दीड वर्ष लागलं. कानशिलाजवळ खड्डे राहिले. या काळात मावशी संध्याकाळी आल्या की आधी तिला समोर बसवायच्या, औषध लावायच्या, तिच्याशी बोलायच्या. आम्ही बाहेर थांबायचो. ओट्यावरच्या मुली हळूहळू कमी झाल्या. काही मोठ्या झाल्या, काहींना ब्युटी पार्लर सापडलं. दोन हजार सालच्या आसपास दवाखाना मोठ्या इमारतीत गेला, काचेची दारं आली, एकसारखे कपडे घातलेल्या मुली आल्या. मावशींना फक्त फरशीचं काम उरलं. पुढे गुडघ्यांनी तेही सोडवलं. तोवर मी लग्न होऊन पुण्याला गेले होते. सुरेखाचंही लग्न झालं, येवल्याला, पैठणी विणणाऱ्या घरात. ती माग शिकली. यजमान गेल्यावर मावशी तिच्याकडेच राहायला गेल्या.

मावशी गेल्याचं मला दोन महिन्यांनी कळलं. मी नाशिकला आले होते, तिथून एसटीने येवल्याला गेले. सुरेखा मागावर होती. मला बघून उठली, पाणी दिलं. तिच्या कपाळावर कुंकू, कानशिलाजवळचे खड्डे, बाकी चेहरा शांत. बरंच बोलून झाल्यावर मी तिला म्हटलं, "मी तेव्हा मावशींना सांगायला हवं होतं."

"सांगितलं असतंस तर मी दुसरी आणली असती," ती म्हणाली. "आणि आई तुझ्यावर नव्हती रागावली. घरात पोरगी असून आपण तिचं तोंड पाच महिने नीट बघितलं नाही, हे तिला लागलं होतं. कितीदा म्हणायची."

मी विचारलं, शेवटी फार त्रास झाला का. सुरेखाने मान हलवली.

"नाही गं. शेवटचं वर्षभर ती नुसती झोपायची. दुपारी झोपायची, संध्याकाळी झोपायची. शेजारच्या बायका म्हणायच्या, उठव, बसव, बोलव. मी उठवलं नाही कधी. माग चालू असला तरी तिला जाग यायची नाही." तिने विणलेल्या पदरावरून हात फिरवला. "इतक्या वर्षांची झोप राहिली होती तिची."

मग ती पुन्हा मागावर बसली, साडी त्याच आठवड्यात द्यायची होती. मी तिच्या शेजारी बसून राहिले, माझ्या गाडीची वेळ होईपर्यंत.