स्टार्टरची सळई

सौदीतल्या बुरैदा शहराच्या बाहेर, खजुराच्या मळ्यात आमच्या कफीलचं, म्हणजे आम्हाला व्हिसा देणाऱ्या मालकाचं, गॅरेज आहे. जुन्या गाड्यांचा त्याला भारी शौक. मी नाशिकचा. पेट्रोकेमिकलमधली चांगली नोकरी सोडून इथे आलो तो याच गाड्यांच्या वेडापायी, आणि त्याचा पश्चात्ताप मला अधूनमधून होतोच.

हातात असलेली गाडी शंभरेक वर्षांची. इलेक्ट्रिक स्टार्टर तेव्हा नुकताच आलेला, त्यामुळे त्याची रचना अर्धीकच्चीच. पायाने पेडल दाबलं की छोट्या मोटरचं दातेरी चाक इंजिनाच्या मोठ्या चाकात शिरतं आणि इंजिन फिरवतं. पण त्याआधी स्टिअरिंगवरची एक कांडी मागे ओढून ठिणगी उशिरा पडेल असं करावं लागतं. ते राहिलं, की इंजिन उलटा झटका देतं आणि स्टार्टरचे दाते तुटतात. कफील हमखास विसरायचा. आयुष्यभर बटण दाबून गाड्या सुरू केलेल्या माणसाला कांडीचं भान कुठून असणार?

माझा उपाय साधा होता. पेडल आणि कांडी यांच्यामध्ये एक बारीक सळई. पेडल दाबलं की कांडी आपोआप मागे. चित्र काढून दाखवलं तर म्हणाला, "नो, नो, मुहंदिस. ओरिजिनल!" मुहंदिस म्हणजे इंजिनिअर, म्हणजे मी. जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनातले पंच वाकून वाकून बघतात, एक सळई जास्तीची दिसली की नाक मुरडतात. मी चिडून म्हटलं, मग तुटलेले दाते दाखवा त्यांना, ते तर ओरिजिनल आहेत. तो हसला. हसण्यावारी नेणं त्याला छान जमतं.

दात्यांची मला चिंता नव्हती, ते पुन्हा कापता येतात. स्टार्टर बंद पडला की कोणीतरी गाडीच्या नाकाशी असलेलं हँडल फिरवून इंजिन सुरू करायला जाणार आणि तोच झटका त्याच्या हाताला बसणार, ही धास्ती होती. तो कोणीतरी म्हणजे आमचा मिस्त्री. रत्नागिरीकडचा, वयाने माझ्याहून मोठा, मोटरचं वाइंडिंग हाताने भरणारा. तार किती ताणायची ते त्याची बोटंच ठरवतात.

"मिस्त्री, हँडलला अंगठा गुंडाळायचा नाही. बोटांच्याच बाजूला ठेवायचा," मी किती वेळा बजावलं.

"साहेब, बापाच्या होडीचं डिझेल मशीन हाताने मारत वाढलो मी. ह्याचं काय घेऊन बसलात!"

होडीच्या त्या इंजिनातला दाब आधी सोडून देतात, मग ते मुकाट फिरतं. हँडल अंगठा गुंडाळून घट्ट मुठीने धरलं तरी चालतं. ती मूठ त्याच्या हातात लहानपणापासून बसलेली.

एका शुक्रवारी पाहुणे आले. कहवा झाला, खजूर झाले, सगळे गाडीभोवती जमले. कफीलने ऐटीत पेडल दाबलं. कांडी विसरला. कडाड आवाज झाला आणि त्यानंतर स्टार्टर नुसताच घरघरला. पाहुण्यांसमोर ओशाळून तो मिस्त्रीला म्हणाला, "यल्ला, हँडल!"

"थांबा, कांडी!" मी ओरडलो. तोवर मिस्त्रीने वाकून हँडल मारलं होतं. ते उलटं फिरलं. हाड मोडल्याचा तो आवाज अजून माझ्या कानांतून जात नाही.

कफीलने स्वतः गाडी चालवत त्याला हॉस्पिटलात नेलं. वाईट माणूस नाही तो, त्यामुळे त्याच्यावर धड रागावताही येत नाही. परत आल्यावर मान खाली घालून म्हणाला, "तुझी सळई लाव." मी नवे दाते कापले, सळई बसवली. कफीलने कांडीकडे न बघता पेडल दाबलं आणि इंजिन सुरू झालं. त्याने मला मिठी मारली. मला त्याचा संताप आला, आणि ज्या 'ओरिजिनल'च्या कौतुकापायी त्याने आधीच सळई बसवू दिली नाही, त्या कौतुकाचाही.

मिस्त्री बाकावर बसून बघत होता, प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवलेला. अंगठ्याची पकड पहिल्यासारखी येईल, असं डॉक्टरांनी काही म्हटलेलं नाही.

"सळई बसवायला किती वेळ लागला, साहेब?"

"एक दुपार."

त्याने मान हलवली. मग डाव्या हाताने पाण्याची बाटली माझ्यापुढे धरली, झाकण उघडून द्यायला.