नंबर नसलेली जीप

ती जीप आजही डोळ्यांसमोरून हलत नाही. आठवली की हात शिवशिवतात, स्वतःच्याच थोबाडीत द्यायला.

मी तेव्हा भांडुपला पोलीस निरीक्षक होतो. जयंतीच्या मिरवणुकीला चार दिवस उरले होते. शेजारच्या सोसायटीचे सेक्रेटरी आले. म्हणाले, "साहेब, आमच्यामागच्या चाळीत एक वेल्डर चोरीच्या लष्करी जीपा कापतो. दिवसभर ग्राइंडर चालू."

खबर देणाऱ्याचा त्यात काय फायदा ते आधी बघा, असं मी नव्या फौजदारांना शिकवायचो. स्वतः मात्र थेट ठाण्याची गाडी काढून निघालो.

चाळीपुढच्या मोकळ्या जागेत जुन्या धाटणीची हिरवी जीप उभी होती. नंबरप्लेट नाही, चासीवर नंबर नाही, खालून वाकून पाहिलं तर इंजिनही नाही. "इतक्या सफाईने घासलाय की खूणसुद्धा नाही," मी पंचांना ऐकवलं. पंचनामा झाला, चार शिपायांनी ढकलत जीप ठाण्यात आणली. मुद्देमाल जमा.

वेल्डरला समोर बसवलं.

"चासी नंबर कुठे घासलास?"

"घासायला आधी असायला हवा ना, साहेब? चासी मी पलंगाच्या अँगलची केलीय."

"आणि इंजिन?"

"बसवलंच नाही. मिरवणुकीत ढकलत न्यायचीये. वडिलांनी फौजेत अशीच चालवली. त्यांना पुढे बसवणार. पंच्याऐंशीचे आहेत, पुढच्या वर्षाचं कोण सांगणार?"

"इंजिन कुणाला विकलंस ते बोल!"

त्याने कपाळाला हात लावला. मी ठरवलं, मुरलेला आहे. वरिष्ठांना फोन करून 'आंतरराज्य टोळी' असा शब्दही वापरला. तीन दिवस त्याला सकाळी बोलवायचं, संध्याकाळपर्यंत बाकावर बसवायचं.

जयंतीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी आमच्या हवालदाराने सहज बॉनेट उचललं.

"साहेब, जरा इकडे या. आतून काहीतरी लिहिलंय."

पत्र्यावर पुसट लाल अक्षरं होती : 'पिण्याचे पाणी. येथे भांडी धुऊ नयेत.'

जुन्या टाकीचा पत्रा! माणूस पहिल्यापासून खरं बोलत होता.

"वरिष्ठांना विचारू का साहेब," हवालदार म्हणाला, "लष्कर भांडी कुठे धुतं ते?"

पण मुद्देमाल सोडायला कोर्टाचा हुकूम लागतो. कोर्ट बंद झालं होतं, दुसऱ्या दिवशी सुट्टी. मीच लावलेलं सील मलाच तोडता येईना.

मिरवणूक ठाण्यावरून गेली. बंदोबस्ताला मी फाटकात. वेल्डरचे वडील मुलाच्या हाताला धरून चालत आले, थांबले, टाचा जुळवल्या आणि कडक सॅल्यूट ठोकला. मीही सवयीने हात उचलला.

"हात खाली घ्या, साहेब," हवालदार कुजबुजला. "सॅल्यूट तुमच्यामागच्या जीपला आहे."

हुकूम आल्यावर मी स्वतः ढकलत जीप परत नेली. त्या मोकळ्या जागेत सेक्रेटरींची गाडी लावलेली होती. तिला नंबर होता, इंजिनही होतं. काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण गाडी दोन मिनिटांत हलली. सेक्रेटरींवरचा राग तिथेच ओकला. स्वतःवरचा अजून शिल्लक आहे. जिथे काही नव्हतंच, तिथे मी पुसलेलं पाहिलं, कारण समोरचा चाळीतला वेल्डर होता. सेक्रेटरींच्या दारात तीच जीप दिसली असती तर 'छान छंद आहे' म्हणून चहा पिऊन आलो असतो.

पुढच्या जयंतीला जीप निघाली. मी निवृत्त होऊन गर्दीत उभा होतो. पुढच्या सीटवर म्हातारबाबांचा हार घातलेला फोटो होता. मी सॅल्यूट केला. फाटकातल्या हवालदाराने पाहिलं, पण या वेळी काही बोलला नाही.