चिडीचूपचा पत्रा

त्याला सगळे चिडीचूप म्हणत, आणि त्याचं तोंड तर दिवसभर बंद नसे. नाव पडलं ते कामावरून. बॅटरीवर चालणाऱ्या ट्रकच्या पोटाखाली कंपनी जे प्लास्टिक लावते ते खडी उडाली की तडकतं; त्या जागी हा ॲल्युमिनियमचे पत्रे बसवी. इंजिनाची घरघर नसलेल्या गाडीत साधा नट हलला तरी कानात जातो, पण याचा पत्रा वाजेल तर शपथ. पत्रा वाजला की कारागिराच्या नावानं बोंब, असं तो येईल त्याला ऐकवी.

मुलीनं ट्रक घेतला, स्वतःच चालवू लागली, तेव्हा तिचा पत्रा त्यानं जीव ओतून केला. मागच्या कोपऱ्यात पत्रा जरासा गुणगुणत होता. नेहमीप्रमाणे तिथे रबराची जाड पट्टी चिकटवली आणि गुणगुण बंद. मुलगी खूश, बाप तिच्याहून खूश.

एका दुपारी त्याच्याच हातचा एक जुना पत्रा बदलायला आला. ठोकर बसून चेपला होता. तो खाली उतरवला तर कोपऱ्यातल्या रबरावर गोल ठसा उमटलेला. त्यानं वर पाहिलं. नेमकी तिथे बॅटरीच्या पेटीची झडप होती. ही कशाला, असं त्यानं गाडीच्या ड्रायव्हरला विचारलं तेव्हा कळलं. पेटी आतून तापली तर कोंडलेला वायू बाहेर पडायची तेवढी एकच वाट, आणि तिला याच्या पट्टीनं बूच मारलेलं. म्हणजे तापली की स्फोटच. झडप त्यानं शंभरदा पाहिली असेल, पण ती कशासाठी असते हे विचारायचं त्याला आजवर कधी सुचलं नव्हतं. त्याचं सगळं लक्ष कानात.

मुलगी त्या वेळी फरशा भरून घाट चढत होती. पहिला फोन नुसताच वाजत राहिला. दुसरा तिनं उचलला.

"गाडी कडेला घे. उतर आणि लांब उभी राहा."

"झालं काय, बाबा?"

बोल्ट ढिला राहिला असेल, ही थाप त्याच्या अगदी ओठांवर आली होती.

"चूक झालीय माझ्या हातून. मी येतोय."

गॅरेजच्या मालकाची स्कूटर घेऊन तो निघाला. वाटेत त्याला नको नको ते दिसत होतं. ती दगडावर बसलेली दिसली तेव्हा त्याला रडू फुटायचंच बाकी होतं. गाडीखाली शिरून त्यानं पत्रा सैल केला, पट्टी खरवडून काढली, झडप बोटानं पुसली. मग उताणा पडल्या पडल्याच तिला सगळं सांगितलं. ती चिडली असती तर बरं झालं असतं.

"मी सगळ्या ड्रायव्हरांना तुमच्याकडे पाठवत होते," ती एवढंच म्हणाली.

ट्रक हलला आणि पहिल्याच खड्ड्यात पत्रा खडखडला. तिनं खिडकीतून डोकं काढलं.

"वाजतोय, बाबा."

"वाजू दे."

तो खडखडाट वळणापलीकडे जाईपर्यंत तो ऐकत उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला तो आवाज गोड लागला. तेवढ्यात वरून दुसरा ट्रक उतरू लागला, भरलेला. पोटाखाली पुढे डोकावणारी दुमडलेली कड त्याच्याच हातची होती. आवाज मात्र कसलाच नव्हता. चिडीचूप दोन्ही हात हलवत रस्त्याच्या मधोमध धावला.