दुकानातली चारोळी

मी फोडलेली चारोळी वहिनींनी माझ्यासमोर धुतली. चाळणीत घेतली, नळाखाली धरली, चोळचोळून धुतली. मी अंगणातल्या पायरीवर बसून कौतुकानं पाहत होते. काय टापटीप बाई!

अशी मी शहाणी.

वहिनी म्हणजे माझ्या नवऱ्याच्या रेल्वेतल्या साहेबांची बायको. घर रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात. कोजागिरीला त्यांच्या गच्चीवर मराठी मंडळी जमायची, आणि दुधातली चारोळी फोडायला मला बोलावणं यायचं. मी गडचिरोलीकडची, रानातली. चाराच्या फळाचं टणक बी जात्यात असं भरडायचं, की टरफल फुटावं आणि दाणा अख्खा राहावा, हे आईनं शिकवलेलं. जात कधी विचारली नाही त्यांनी. आडनावातच कळली होती. माझा दुधाचा पेला अंगणातच यायचा. मला वाटायचं, दमले म्हणून आणून देतात.

घरी येऊन मीही आमची चारोळी धुतली. साहेबीण करते तशी. डबाभर बुरशी आली. "रायपूरची हवाच खराब," नवऱ्याला म्हटलं. वा रे डोकं!

एका वर्षी चारोळी कमी पडली. गोलबाजारातून पुडा आला. वहिनींनी तो फाडला आणि सरळ उकळत्या दुधात ओतला.

"वहिनी, धुवायची राहिली ना!" मीच ओरडले.

"अगं, ती दुकानातली आहे. ती कशाला धुवायची?"

रागानं नाही. प्रेमानं समजावलं.

दुकानातली तरी कोणी फोडली असेल? माझ्यासारखीच कोणी. फक्त तिचं तोंड यांनी पाहिलं नव्हतं.

मी फोडलेल्या चारोळीचं सूप उचललं. मागच्या दारानं नाही, पाहुण्यांमधून, दिवाणखान्यातून निघाले. तो दिवाणखाना मी पहिल्यांदाच पाहिला. सोफा बरा होता.

"काहून तमाशा केला तू?" नवरा म्हणाला. "साहेबाच्या घरी असं करतेत का?"

त्यानंतर बोलावणी बंद. नवऱ्याचीही. त्यानं ते शेवटपर्यंत माफ केलं नाही. आता तोही नाही. कोजागिरीला मी आणि एक पेला. शेजारच्या गच्चीवरचं हसणं ऐकता ऐकता दूध थंड होऊन जातं.

परवा वहिनींच्या सुनेचा फोन आला. "आजी, मांजी तो अब नहीं रहीं. यंदा तुम्ही याच. घरी फोडलेल्या चारोळीची टेस्टच वेगळी."

"फोडायले येऊ का प्यायले?"

"दोन्ही, आजी. अंगणात तुमची सोय करते ना."

"मंग नाही येत."

"इतना पुराना गुस्सा?"

"जुना कुठला, पोरी? आत्ताच त अंगण म्हटलं तुनं."

फोन ठेवला. खोटं कशाला सांगू? चार माणसांत बसायला जीव आसुसला आहे माझा. पण अंगणात नाही. गच्चीवर, त्यांच्या सतरंजीवर, त्यांच्याच कपातून. तेवढं जमणार नसेल, तर मला बोलावू नका. मी येणार नाही.