मावशीच्या कॅलेंडरातली मांजरं

वसईतल्या पाचूबंदरच्या आमच्या मासळीवाल्या मावशीला मांजर फार झकास काढता यायचं. दोन कान, सहा मिशा आणि वर वळलेली शेपटी, तेही पेन्सिल कागदावरून न उचलता. शाळा दुसरीतच सुटलेली, त्यामुळे लिहिण्याचा कंटाळा. सुक्या मासळीचा तिचा अख्खा धंदा भिंतीवरच्या कॅलेंडरात चित्रांनी मांडलेला असे. चौकोनात मासा म्हणजे आज विकायचं, मांजर म्हणजे आज नाही. मी कारण विचारलं तेव्हा तिने माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "आज मासली कोन खाल? मांजरूच ना?"

मी तेव्हा अंधेरीची नोकरी सोडून विरारच्या फ्लॅटमध्ये लॅपटॉप उघडून बसले होते आणि स्वतःला सोशल मीडिया सल्लागार म्हणवून घेत होते. मावशी माझी पहिली आणि एकुलती एक क्लायंट. ती तीस वर्षं ज्या बाजारातल्या ओट्यावर बसली, तो बाजार नव्याने बांधण्यासाठी पाडला होता आणि घरात छतापर्यंत बोंबील, जवळा, वाकट्या. पावसाळ्यासाठी लोक सुकी मासळी भरून ठेवतात ती आगोटीची खरेदी महिन्यावर आलेली. ती हुकली असती तर पावसाच्या ओलाव्यात वर्षाची मेहनत वाया गेली असती. म्हणून तिच्या सुनेने, मार्थाने, मला गाठलं.

मी लगेच महिन्याचं कंटेंट कॅलेंडर केलं. रील हिरव्या रंगात, रेसिपी पिवळ्या, ऑफर लाल. एकही चौकोन रिकामा नाही. मावशीने चष्मा लावून लॅपटॉप न्याहाळला.

"रंग चांगले हायत. मांजरं कुटं हायत?"

"मावशी, रोज पोस्ट टाकावी लागते. एक दिवस चुकला की लोक विसरतात."

"अगो, पावसाच्या बंदीत दोन महिने होड्या वाळूवर असतात. मासली इसरतंय का कोन?"

मी हसले आणि माझंच खरं केलं.

पहिल्याच मंगळवारी संध्याकाळी कुरकुरीत बोंबलांची रील टाकली. तेल चरचरतंय, कोकम वाटीत पडतंय, मार्था डोळे मिटून पहिला घास घेतेय. मी स्वतःवर बेहद्द खूश होते. त्या दिवशी अंगारकी होती. अर्धं वसई-विरार चंद्राची वाट बघत उपाशी बसलेलं आणि मी त्यांच्या हातात बोंबील तळत होते. "चंद्रोदयाला दोन तास आहेत, जरा दया करा," असं एकीने लिहिलं. दुसरीच्या सासूबाईंनी तिचा फोनच काढून घेतला. बाकीच्यांनी न बोलता पेज सोडलं. माझी आई आतल्या खोलीत वऱ्याचे तांदूळ निवडत होती, तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नव्हता.

मावशी स्वतः दर रविवारी मिस्साला जाणारी. पण संकष्टी कधी, एकादशी कधी, कुणाच्या घरी सोमवार आणि कुणाच्या गुरुवार, सगळं तिला तोंडपाठ. चर्चच्या उपासकाळातल्या शुक्रवारी मटण बंद, म्हणून तिथे एकाखाली एक दोन मासे. श्रावणाच्या पानावर तर नुसती मांजरंच मांजरं. "गिराईकाचा देव आपल्याला ठावा पायजे," ती म्हणायची.

दुसऱ्या दिवशी मी तोंड पाडून तिच्याकडे गेले. आता ती मला हाकलणार, असं धरूनच चालले होते. तिने चहा-पाव पुढे ठेवला. "रडतंस कनाला? उद्या गुरुवार. मांजराचा वार. तो तुजा कॅमेरा घेऊन ये."

गुरुवारी तिने अंगणातल्या मॅनेजरला बोलावलं. मॅनेजर म्हणजे तिचा बोका. दिवसभर काही न करता सगळ्यांवर नजर ठेवायचा म्हणून ते नाव. तिने त्याच्यापुढे बोंबील ठेवला. "खा बाबा, आज तुजाच वार. उद्या गिराईक आलं का तुला वास पन मिलनार नाय." मॅनेजरने बोंबील हुंगला, मान फिरवली आणि निघून गेला.  मावशी थेट कॅमेऱ्यात बघून ओरडली, "बघा! मांजरूबी गुरुवार पालतंय!"

मी हसून हसून फोन पाडला, पण रेकॉर्डिंग झालं होतं. रात्रीपर्यंत नायगावपासून विरारपर्यंत प्रत्येक सोसायटीच्या ग्रुपवर मॅनेजर पोचला. रुसलेली मंडळी परतली, येताना नणंदा-जावांना घेऊन आली. मेच्या शेवटी घरात एक वाकटी उरली नाही. मॅनेजर रिकाम्या टोपल्या हुंगत फिरत होता आणि आम्ही तिघी त्याला बघून खिदळत होतो.

त्यानंतर उपासाच्या दिवशी पेजवर फक्त मावशीने काढलेलं मांजर जायचं. लोक पंचांगाआधी ते बघू लागले. पुढे मला दातांचे डॉक्टर मिळाले, केकवाले मिळाले, पण मी प्रत्येकाच्या कॅलेंडरात आधी मांजराचे दिवस शोधते. गप्प कधी बसायचं हे मला कुठल्या कोर्सने शिकवलं नाही, तिने शिकवलं.

गेल्या पावसाळ्यात मावशी गेली. जाताना कुणाला त्रास दिला नाही. डिसेंबरपर्यंतचे चौकोन तिने भरून ठेवले होते, म्हणून तिची मांजरं तेवढी वेळच्या वेळी येत राहिली. ती गेल्याचं पेजवर लिहायला ना मार्था धजली, ना मी.

जानेवारीत मार्थाने नवं कॅलेंडर टांगलं आणि पेन्सिल माझ्या हातात दिली. पहिल्या सोमवारी मी मांजर काढलं. सात वेळा पेन्सिल उचलली, तरी उंदीर झाला. तसाच फोटो टाकला. दहा मिनिटांत नायगावच्या एका जुन्या गिऱ्हाईक बाईंनी विचारलं, "हे मावशींचं मांजर नाही. त्या बऱ्या आहेत ना?"

मी आणि मार्था तिथेच स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून रडलो. मग तिने पदराने डोळे पुसले, जुन्या कॅलेंडरचं पान फाडून कोरी बाजू माझ्यापुढे सरकवली.

"काढ परत," ती म्हणाली. "मिशा सहा."