हिरडामालीच्या गाडीतला उसना बाप

गोंदियाच्या फलाटावर मी पाय ठेवायच्या आतच माझी ट्रंक चालायला लागली! खाली दोन काळे पाय, वर माझी ट्रंक, आणि दोघे गर्दीतून भराभरा निघालेले.

"चोर! चोर!" मी ओरडलो. साताऱ्याच्या हौशी नाटकांत माझा आवाज शेवटच्या रांगेतल्या झोपलेल्यांना जागे करतो. इथे त्याने अख्खे जंक्शन जागे केले. ट्रंक थांबली, खाली उतरली आणि तिच्यामागून सोळा-सतरा वर्षांचा एक पोरगा प्रकट झाला.

"गुरुजीनं पाठवलं मले," तो शांतपणे म्हणाला. "चोर असतो तं तुमाले दिसलो असतो काय?"

हा टीकाराम. गुरुजी म्हणजे माझा शाळासोबती. मालधक्क्यामागे पत्र्याच्या एका लांबट शेडमध्ये, फलाटावर वाढणाऱ्या पोरांना तो सांभाळतो. त्याची पद्धत मोठी न्यारी. नव्या पोराला तो स्वतः काही शिकवत नाही. त्याच फलाटावरून आलेल्या एका मोठ्या पोराशी त्याची जोडी लावून देतो. दोघे एका ताटात जेवतात, एकत्र काम शिकतात. "माझं ते ऐकतात," गुरुजी म्हणाला, "पण एकमेकांचं मानतात."

टीकारामच्या जोडीला होता सोमा, नऊ-दहा वर्षांचा. पावसाळ्यात त्याने मासे धरायला बापाच्या बांधीचा (भाताच्या खाचराचा) धुरा, म्हणजे बांध, फोडला. सगळे पाणी वाहून गेले आणि मागोमाग सोमाही, छोट्या लाइनच्या (नॅरोगेजच्या) गाडीने थेट गोंदियाला. बापाने बोट लावले नव्हते. पण बाप काय करील याचा विचार करकरून पोराने चार महिने फलाटावर आणि शेडमध्ये काढले होते. आता त्याला घरी जायचे होते. बाप दारात उभा करील की नाही, हा प्रश्न होता. गुरुजी तापाने फणफणलेला, म्हणून सोबतीला मोठा माणूस हवा होता. मी ताडकन उठलो. असली भूमिका कोण सोडतो!

बाजारात आलूबोंडे खाता खाता मी सोमासाठी निळा सदरा घेतला. टीकारामने तो घडी करून माझ्याच पिशवीत कोंबला.

"नवा सदरा घालून जायचं नाई, काका. घरचे म्हणतेत, चोरीचा आहे. अन् सकाळची गाडी धरू. सांजेले गेलं का पोट्टा पाहुणा वाटते. कामाच्या वखताले गेलं तं कोणीतरी काम सांगते."

त्याने याआधी काही पोरे घरी पोचवली होती. मी मुकाट्याने ऐकले. माझ्या घरी हे कोणाला खरे वाटणार नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही छोट्या लाइनच्या गाडीत बसलो. ही गाडी इतकी सावकाश जाते की बाहेरचे बगळे तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. कापलेल्या धानाच्या बांध्या, मधूनच लख्खकन चमकणारे तलाव, मोहाची झाडे. मी खिडकीत रमलो होतो, तेवढ्यात टीकाराम म्हणाला, "काका, तुम्ही नाटकवाले ना? याचा बाप करा. सोम्या, तू पयलं वाक्य म्हण. त्यानं इचारायच्या आधी."

सोमा उभा राहिला. "बाबू, धुरा..." आणि गप्प.

मी डोळे वटारले, मिशी पिंजारली, त्याचा कान धरला आणि गर्जलो, "नालायका! तोंड काळं करून आलास?"

फाट्कन माझ्या हातावर छत्री बसली. समोरची म्हातारी टोपलीतल्या कोंबड्यासकट उठली होती. "मुडद्या! लेकराले मारतेस? थांब, तुले दाखवतो!"

"नाटक होय, माय!" टीकाराम मधे पडला.

नाटक म्हटल्यावर डबा पालटला. इकडे धान निघाले की गावोगाव नाटके रंगतात. जो तो तालीम घेऊ लागला. एक गृहस्थ म्हणाले, "बाप असा ओरडत नाई जी. आधी खोकला काढा." म्हातारीने सोमाच्या पाठीवर हात फिरवला. "अन् तू खाली काऊन पाहून रायला? बापाकडं पाह्य." मी पाच प्रकारचे बाप केले. पाचांपुढेही सोमाचे वाक्य 'धुरा'पाशीच अडकले.

हिरडामालीला उतरून आम्ही गोरेगावच्या बाजूने चालत सोमाच्या खेड्यात पोचलो. खळ्यावर धानाचे चुरणे (बैलांकडून मळणी) चालले होते. बैलांमागे काठी घेतलेला एक वाळका माणूस होता. त्याने आम्हाला पाहिले आणि तो थांबला. बैलही थांबले.

मी तयार केलेल्या पाचांपैकी हा एकही बाप नव्हता. टीकाराम चार पावले मागेच राहिला होता. सोमा एकटा पुढे गेला.

"बाबू, धुरा म्याच फोडला."

बाप त्याच्याकडे पाहत राहिला. माझ्या छातीत तिसरी घंटा वाजत होती.

"मासे भेटले काय?"

"दोन."

"बारके?"

"बारके."

बापाने काठी पुढे केली. "धर. बैल उभे आहेत."

सोमा बैलांमागे चालू लागला. दोन फेऱ्या होतात न होतात तोच घरातून आई धावत आली, एका हाताने त्याला धपाटे घालत आणि दुसऱ्या हाताने घट्ट धरत. बाप आमच्याकडे पाठ करून पेंढा उलटत होता, आणि तो उलटून झालेलाच पेंढा होता.

परतीच्या गाडीला उशीर होता. हिरडामालीच्या ओसाड फलाटावर मी आनंदाने एकटाच बडबडत होतो. टीकारामने माझी बाही ओढली.

"काका, आता माझा बा करा."

मी चमकलो. इतक्या पोरांना पोचवणारा हा, स्वतः अजून घरी गेलाच नव्हता.

"कुठं असतो? कसा आहे?"

"तुमसरकडं. थो रागावत नाई. थो बोलतच नाई."

माझ्यासारख्याला न बोलणारा बाप! मी पाठ फिरवून बसलो. मागून आवाज आला, "बा, मी टीकाराम." जरा वेळाने पुन्हा, "बा, मी आलो." मी गप्प. हात मात्र रुमालाकडे गेला.

टीकाराम समोर येऊन वाकला. "रडू नका, काका. बा रडत नाई."

दोन दिवसांनी मी परतीला निघालो, तेव्हा माझी ट्रंक पुन्हा त्याच्याच डोक्यावर होती. ती डब्यात चढवून तोही माझ्या शेजारी बसला. तुमसर रोडला गाडी थांबली तेव्हा ऊन वर आले होते. माणसे शेतांवर निघाली होती. मी पिशवीतच राहिलेला निळा सदरा पुढे करून पाहिला. "लहान होते," तो हसला आणि ठिगळाच्या सदऱ्यात उतरला. गाडी हलली तेव्हा तो फलाटाच्या टोकाशी ओठ हलवत चालला होता. वाक्य पाठ करत असावा.

साताऱ्यात सगळे विचारतात, एवढ्या लांब जाऊन काय पाहिलंत? मी सांगतो, दोन बाप. एक पाहिला, एक केला. पाहिलेला मला पूर्ण कळला. केलेला कसा होता, ते टीकारामलाच ठाऊक.