घट्ट अंबाडा आणि माझं तापलेलं डोकं

पार्लर चालवणाऱ्या बाईला किस्से शोधत फिरावं लागत नाही. मान मागं टेकवून डोक्यावर कोमट पाणी सोडलं की समोरची बाई आपोआप बोलायला लागते. उस्मानपुऱ्यात माझं पार्लर सुरू होऊन बावीस वर्षं झाली. केसांचे इतके किस्से साठलेत की मैत्रिणी जमल्या की फर्माईश ठरलेली, "रेखा, तो कूलरवाला सांग ना." त्या हसून हसून आडव्या होतात. मला मात्र सांगताना दर वेळी नव्यानं राग येतो. आजारपण, बाळंतपण, घराण्याचा वारसा हे सोडून द्या. पण माझ्याकडं येणाऱ्या कितीतरी बायकांचे केस गळालेले नसतात, घालवलेले असतात. रोज थोडे थोडे, स्वतःच्या हातानं. आणि मग येऊन मलाच विचारतात, "ताई, काहीतरी लावा ना."

काय लावू? कपाळाला हात?

सध्या तर डोकं जरा जास्तच तापलेलं आहे. त्याला कारण कोमल.

कोमल पिशोरची. इथं एका खासगी कॉलेजात नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, हॉस्टेलवर राहते. दोन महिन्यांपूर्वी पहिल्यांदा आली ती ओढणी भुवयांपर्यंत ओढून. ओढणी काढली तर कपाळ दोन बोटं मागं सरकलेलं. कानांवरचे केस विरळ आणि तिथली कातडी चमकायला लागलेली. एकवीस वर्षांची पोर!

"रोज केस कसे बांधतेस?" मी विचारलं.

तिनं सांगितलं. पहाटे पाचला अंघोळ, केस ओले असतानाच ओढून अंबाडा, वर जाळी, कडेनं पिना, उरलेल्या बारीक केसांवर जेल. ड्युटीच्या आधी ट्यूटर मॅडम मुलींना रांगेत उभं करतात आणि अंबाड्याखाली पेन्सिल घालून बघतात. पेन्सिल शिरली की अंबाडा सैल, मग परत खोलीवर.

मी तिला कातडीच्या डॉक्टरांकडं पाठवलं. त्यांनी स्पष्ट सांगितलं, ही ओढ आत्ता थांबली तर केस परत येतील. अशीच राहिली तर मुळंच मरतील, मग औषध नाही. कोमल चिठ्ठी घेऊन परत आली आणि खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाली, "ताई, मंग अंबाडा सोडू का कालिज सोडू?"

ती चेष्टा करत नव्हती. पुढच्या सुट्टीत घरी येते ती परत जात नाय, असं तिनं आईला फोनवर सांगूनही टाकलं होतं.

"तू काही सोडू नको," मी म्हणाले. "तुमच्या मॅडमशी मी बोलते."

म्हणाले खरी, पण लग्नसराई होती, पार्लरमध्ये उभं राहायला जागा नव्हती. आज जाऊ, उद्या जाऊ करत तीन आठवडे गेले. तेवढ्यात बाकीच्या महामाया येतच होत्या.

* * *

तर तो कूलरवाला.

आमच्या भागात नळाला पाणी कधी येईल ते देवाला ठाऊक, त्यामुळं बहुतेकांची मदार बोअरवर. बोअरचं पाणी जड. त्यात शाम्पूला फेस येत नाही, म्हणून बायका अजून ओततात, आणि केसांचा होतो काथ्या. शाळेत शिकवणाऱ्या एक बाई आहेत, दर महिन्याला येतात. त्यांना मी सांगून थकले की नळ येईल त्या दिवशी दोन बादल्या केसांसाठी बाजूला काढा, निदान शेवटचा तांब्या तरी चांगल्या पाण्याचा घ्या.

उन्हाळ्यात आल्या तेव्हा विचारलं, "ठेवता का पाणी?"

"ठेवते ना. पण ते कूलरला लागतं. बोअरचं घातलं की त्याच्या जाळीवर पांढरा थर बसतो."

मी हातातला कंगवा खाली ठेवला. "आणि तोच थर तुमच्या डोक्यावर बसत नाही का?"

बाईंनी आरशात स्वतःकडं बघितलं, खरोखर विचार केला आणि म्हणाल्या, "हो, पण कूलर नवा आहे ना."

* * *

माझ्यासोबत नसीम काम करते. पंधरा वर्षं झाली. हात हलका, जीभ धारदार. मी रागावते तेव्हा माझा आवाज चढतो, तिचा उतरतो. गिऱ्हाइकं तिलाच जास्त घाबरतात.

एक बाई भलत्या काटकसरी. कोथिंबिरीच्या जुडीला जे रबर येतं ना, ते जपून ठेवायच्या आणि तेच केसांना लावायच्या. साधं, नागडं रबर. काढताना प्रत्येक वेळी पाच-सहा केस घेऊनच निघायचं. मी म्हणाले, कापड गुंडाळलेलं घ्या, केस तुटतायत. तर म्हणतात कशा, "काही नाही होत. त्यानं कोथिंबीर कुठं तुटते?"

नसीम मागून फरशी पुसत होती. मान वर न करता म्हणाली, "दो दिन में झड़ जाती ना बाजी, कोथमीर बी."

* * *

नसीमचाच दुसरा किस्सा. एक मुलगी वर्षात तिसऱ्यांदा केस सरळ करून घ्यायला आली. वरून घरी रोज सकाळी गरम इस्त्री फिरवणार, तीही केस पुरते वाळायच्या आत. टोकाचा केस हातात धरला तर मोडत होता. मी नाही म्हणाले. ती म्हणाली, दुप्पट घ्या. मी पुन्हा नाही म्हणाले. ती नसीमकडं वळली, "आपा, तुम्ही करा ना."

नसीमनं तिच्या केसांवरून अलगद हात फिरवला. "बाल है बेटा, पापड नइं. कित्ता सेकते?"

मुलगी पाय आपटत गेली. दुसरीकडून करून घेतलं. पंधरा दिवसांनी आली ती टोपी घालून, आणि टोपी काढल्यावर आम्ही दोघींनी एकमेकींकडं बघितलंसुद्धा नाही. कानापर्यंत कापावे लागले. कापताना ती रडत होती आणि नसीम तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. मला मात्र तिला दोन ठेवून द्यावेसे वाटत होते. खोटं कशाला बोलू.

* * *

गंगापूरची एक बाई. फोनमध्ये कुणीतरी सांगितलं म्हणून तिनं कांद्याचा रस, लिंबू आणि लसूण असं वाटण करून डोक्याला चोपडलं. रात्रभर ठेवलं. सकाळी डोक्याची आग व्हायला लागली, तसं धुतलं आणि जीपमध्ये बसून थेट माझ्याकडं आली. भांगात लाल चट्टे. वास असा की नसीमनं पंखा पाचवर केला.

मी चिडले. "अहो, भाजी करताना तरी कांदा-लसूण मापात घालता ना?"

"आता काय सांगू ताई, पर एक बरं झालं," ती म्हणाली. "ती जीप लई भरती बघा. येरवी मला मधी दाबून बसवत्यात. आज अख्खं बाकडं एकटीला दिलं."

तिलाही डॉक्टरांकडं पाठवलं. जाताना विचारते, "मंग आता नुसता कांदा लावू का?"

* * *

हा किस्सा मैत्रिणी सांग म्हणत नाहीत. मी आपणहून सांगते.

एक गृहस्थ दुपारी पार्लरच्या दारात आले. हातात कॅरीबॅग. आमचं लेडीज पार्लर, म्हणून बाहेरच उभे राहिले, आणि बॅग पुढं केली. आत केसांचा गुंता. मोरीच्या जाळीत अडकलेले, आठवडाभर साठवलेले.

"हे बघा तुमच्या शाम्पूचे प्रताप," ते म्हणाले. "मिसेसचे आहेत. मोरी तुंबते रोज."

त्यांच्या मागं त्यांची बायको उभी होती. ओठ पांढरे, डोळ्यांखाली काळं. मी तिला आत घेतलं, डोकं बघितलं. डोक्यात काही दोष नव्हता, केस सगळीकडून सारखेच पातळ झालेले. शाम्पूचा काही संबंध नव्हता. सकाळी किती वाजता खातेस विचारलं तर म्हणाली, चहा होतो. मग जेवण? तीन वाजतात. रात्री? जे उरेल ते.

मी बाहेर आले. "साहेब, हिचं रक्त तपासून घ्या. आणि आधी हिला वेळेवर जेवू घाला. केस पोटातून येतात, बाटलीतून नाही."

त्यांना राग आला. "जेवते की. उपाशी ठेवतो काय आम्ही? आमचं सगळ्यांचं झालं की जेवते."

त्या दिवशी मी पुढचं गिऱ्हाईक घेतलं नाही. इतक्या रागात हातात कात्री घेऊ नये.

* * *

मधल्या काळात कोमल दर रविवारी यायची. तिला मी सैल अंबाडा शिकवला. केस आदल्या संध्याकाळी धुवायचे, रात्रीतून वाळू द्यायचे, मानेजवळ खाली बांधायचा, कापडी पट्टा लावायचा, रोज जागा थोडी बदलायची. दिसायला अगदी व्यवस्थित. चार दिवस तिनं तसा बांधला. चारही दिवस पेन्सिल आत शिरली आणि तिला वॉर्डातून परत पाठवलं. पाचव्या दिवशी तिचा फोन आला. "ताई, बॅग भरली म्या. उद्याच्या गाडीनं जाते पिशोरला."

"थांब," मी म्हणाले. "उद्या सकाळी कॉलेजच्या दारात उभी राहा. मी येते."

नवरीचा मेकअप नसीमवर सोपवला आणि निघाले. रिक्षात बसून काय काय बोलायचं ते जुळवत होते. एका मुलीचे केस, एका मुलीचं शिक्षण, आणि मध्ये कोण, तर एक पेन्सिल! उस्मानपुऱ्यापासून कॉलेजपर्यंत माझा पारा चढतच होता.

ट्यूटर मॅडम पन्नाशीच्या, शांत, पांढऱ्या साडीतल्या. आम्हाला आत बोलावलं, बसा म्हणाल्या. मी बसले नाही. कोमलही माझ्या शेजारी उभीच राहिली.

"मॅडम, तुम्ही नर्स घडवताय का पोरींना टकलं करताय?" मी सुरुवातच तिथून केली. कोमलची ओढणी मागं सारून त्यांना तिचं कपाळ दाखवलं. डॉक्टरांची चिठ्ठी टेबलावर ठेवली. म्हणाले, ओला केस रबरासारखा ताणला जातो आणि तुटतो, एवढं न शिकलेल्या बाईलाही कळतं. म्हणाले, पेशंटच्या ताटात केस पडू नये एवढंच हवंय ना, मग जाळी आहे की. डोक्याची कातडी उपटायची गरज काय? हे असलं पोरींना शिकवलं कुणी? त्याला आणा माझ्यासमोर, मी बघते.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही तोडलं नाही. कोमलचं कपाळ मात्र त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "रेखाताई, तुम्ही मला ओळखलं नाही वाटतं."

मी नाही म्हणाले.

त्यांनी फोन काढला. काहीतरी शोधलं. "नव्या मुलींना पहिल्या दिवशी आम्ही हा दाखवतो. दर वर्षी. ग्रुपवर पण टाकतो, म्हणजे खोलीवर बघून बांधता येतं."

व्हिडिओ जुना होता, चित्र हलत होतं. खुर्चीत बसलेल्या एका मुलीचं मागून डोकं, आणि त्या डोक्यावर दोन हात. चेहरा दिसत नव्हता. पण हात मी ओळखले. नंतर आवाज आला, तोही ओळखला. दहाएक वर्षांपूर्वी या कॉलेजनं मला बोलावलं होतं, मुलींना नीटनेटके केस बांधायला शिकवा म्हणून. शाल-नारळ दिला होता, टाळ्या झाल्या होत्या. मी पार विसरून गेले होते.

"ओले असतानाच ओढा गं पोरींनो, वाळले की केस ऐकत नाहीत," फोनमधली मी सांगत होते. "अजून ओढा. भुवया वर गेल्या पाहिजेत. आणि डोकं दुखायला लागलं की समजायचं, अंबाडा बरोबर बसलाय."

व्हिडिओत पोरी हसल्या. त्यातली मीही हसले.

मॅडमनी फोन टेबलावर पालथा ठेवला. कोमल खाली बघत होती.

"पहिल्या वर्षी माझं लई दुखायचं, ताई," ती हळूच म्हणाली. "मला वाटायचं, बरोबर बसलाय."